वर्तुळे वर्धेपलीकडची, घरे पूर्णेकाठची

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघाले की शहराची वस्ती मागे पडते न पडते तोच जुनापाणीचा माळ लागतो. जमीन बरड आणि मुरमाड. पिकाच्या दृष्टीने अगदी कनिष्ठ प्रतीची. या माळावर काळ्या धोंड्यांची कडी पसरलेली आहेत. एखाद-दुसरे कडे नव्हे. मोजदाद करणाऱ्यांनी ती तीनशेच्या आसपास भरतात असे नोंदविले आहे. प्रत्येक कड्यात मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, मधली जागा किंचित उंचवलेली आणि तीत गोटे व मुरूम भरलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या कड्यांविषयी आसपासच्या गावांतून चौकशी केली, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, हे गवळ्यांचे जुने तळ होत. कोणे एके काळी येथे गवळी राजे राज्य करीत आणि आपली जनावरे या कड्यांत कोंडीत.

ही समजूत खरी नव्हती. त्या प्रत्येक कड्याखाली मृत माणसे आहेत. तथापि ती पुरती खोटीही म्हणता येत नाही, कारण ज्यांनी ती कडी रचली त्यांच्या जीवनात जनावरांचे स्थान खरोखरच मोठे होते. लोकस्मृती तपशील विसरते, पण गंध विसरत नाही, तसाच हा प्रकार. गवळी म्हटले की वऱ्हाडातील वाचकाला सहजच गाविलगड आठवेल. त्या किल्ल्याचे नावही परंपरेने गवळ्यांशीच जोडले गेले आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून वैनगंगेपर्यंत जे जे फार जुने आणि कोणाचे ते ठाऊक नाही, ते गवळ्यांचे असे म्हणण्याची आपल्याकडे जणू रीतच होती.

पुरातत्त्वज्ञ ज्यांना शिलावर्तुळे किंवा महापाषाणीय दफने म्हणतात ती हीच. दक्षिण भारतात अशा स्मारकांचे अनेक प्रकार आढळतात. कोठे चार शिळा उभ्या करून त्यांवर पाचवी ठेवलेली, कोठे जमिनीखाली फरशांची पेटी, कोठे मोठे रांजण. विदर्भात मात्र प्रामुख्याने एकच प्रकार दिसतो, तो वर्तुळाचा. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, बोरगाव, भागीमहारी, रायपूर आणि वर्धा जिल्ह्यात खैरवाडा ही त्यांतली उत्खनन झालेली प्रमुख स्थळे. या यादीकडे अमरावती किंवा अकोल्याच्या माणसाने पाहिले तर एक गोष्ट त्याला खटकल्याशिवाय राहणार नाही. वर्धा नदी ओलांडून पश्चिमेला आले की ही वर्तुळे विरळ होतात, आणि पूर्णेच्या काळ्या रानात तर ती जवळजवळ दिसेनाशी होतात. असे का व्हावे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहासापेक्षा राज्यकारभारात शोधावे लागते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला. त्या प्रांतात जे अधिकारी आणि मिशनरी आले त्यांत दगड, खनिजे, जाती-जमाती यांच्या नोंदी करण्याची हौस असलेली बरीच मंडळी होती. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे त्यांत अग्रगण्य. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे गृहस्थ. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटची वर्तुळे पाहण्यास गेले. दिवसभर पाहणी झाली. मुक्कामाच्या ठिकाणी परतताना ते एकटे मागे राहिले, वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता, आणि अंधारात घोड्यासह पाण्यात उतरलेले हिस्लॉप पुन्हा जिवंत दिसले नाहीत. तारीख होती ४ सप्टेंबर १८६३. विदर्भातील महापाषाणीय संशोधनाचा आरंभ असा एका मृत्यूने झाला. त्यांचे मागे राहिलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले.

हिस्लॉपनंतर जे. एच. रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खोदली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना आत लोखंडी कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम आणि मातीची भांडी मिळाली. शिवाय काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले लहान वाटीसारखे खळगे त्यांच्या ध्यानात आले. असेच खळगे स्कॉटलंडमधील प्राचीन शिळांवर असल्याचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी दाखविले होते (शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मचा उपयोग रूढ करणारे सिम्प्सन ते हेच). ते साम्य पाहून रिव्हेट-कारनॅक हरखून गेले. त्या काळच्या विद्वानांना पुष्कळदा घोडा दिसला की शक आठवत आणि वर्तुळ दिसले की युरोप आठवे. साहजिकच ही दफने शकांची असावीत असा तर्क पुढे आला आणि बराच काळ टिकला.

वऱ्हाडाचे मात्र तसे झाले नाही. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला खरा, पण त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला तेव्हा हौशी उत्खननाचा पहिला बहर ओसरला होता. वऱ्हाडाच्या कारभाऱ्यांचे सगळे लक्ष कापसाकडे आणि जमाबंदीकडे लागलेले. म्हणजे वर्धेच्या एका काठाचे दगड मोजले गेले आणि दुसऱ्या काठाचे रानच मोजले गेले. पुढील संशोधनाच्या नकाशावर या भेदाचा ठसा उमटला नसेल, असे म्हणवत नाही.

शास्त्रशुद्ध उत्खननाला प्रारंभ झाला तो स्वातंत्र्यानंतर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीला तीन वर्तुळे खोदली. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे काम केले. त्यांचे अहवाल १९७० आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे डॉ. देव पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, आणि १९७८ ते १९८० या काळात नायकुंडला डॉ. अरविंद जामखेडकर यांच्यासह केलेल्या उत्खननाने या अभ्यासाला नवे वळण मिळाले. ते वळण कोणते हे पाहण्यापूर्वी वर्तुळाच्या आत काय असते ते पाहिले पाहिजे.

आधी जागा निवडली जाई, ती बहुधा पिकाऊ नसलेली आणि वस्तीपासून अलग. धोंडे आणून कडे मांडले जाई. ही कडी सारख्या मापाची नसतात; काही लहान आवाराएवढी, तर काहींत एखादे घर आरामात मावेल. मध्यभागी मृताचे अवशेष व त्याच्याबरोबरच्या वस्तू ठेवल्यावर त्यांवर चिकट काळी माती घातली जाई. आजूबाजूचा माळ मुरमाड असल्याने ही माती मुद्दाम दुसरीकडून वाहून आणावी लागे. तिच्यावर गोट्यांचा आणि मुरमाचा थर. एका वर्तुळासाठी किती माणसांचे किती दिवस खर्ची पडत असतील याचा अंदाज ज्याने शेतात बांध घातला आहे त्याला सहज येईल. यंत्र नव्हते, चाकाची गाडी असली तरी असे धोंडे तीत चढविणे सोपे नव्हते. आणि हे सारे श्रम अशा माणसासाठी, जो त्यांची परतफेड कधीच करणार नव्हता.

आत मिळणाऱ्या हाडांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संपूर्ण सांगाडा सरळ निजवलेला, असे दृश्य क्वचित दिसते. पुष्कळदा काही निवडक हाडेच असतात, आणि कधी कधी ती एकाहून अधिक माणसांची असतात. याचा अर्थ असा की, मृत्यू आणि वर्तुळ यांच्यामध्ये काही काळ जात असला पाहिजे. आधी देह उघड्यावर ठेवला जाई, किंवा दुसरीकडे पुरला जाई. मग हाडे वेचून, जमल्यास एका कुळातल्या अनेकांची एकत्र करून, त्यांची शेवटची मांडणी वर्तुळात होई. मृत्यू एका क्षणाचा, पण मृताला निरोप देण्याचे काम महिन्यांचे, कदाचित वर्षांचे. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचण्यापासून वर्षश्राद्धापर्यंत टप्प्याटप्प्याने निरोप देणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

हाडांपेक्षा वस्तू भरपूर. काळी-तांबडी भांडी, अभ्रकाचा अंश असलेली तांबडी भांडी. लोखंडाच्या वस्तूंत भाले, खंजीर, पटाशा, कुदळी, आणि विदर्भाची खूण म्हणता येईल अशी कुऱ्हाड, जिच्या पात्यावर दांडा घट्ट बसविण्यासाठी लोखंडी पट्ट्या आडव्या गुंडाळलेल्या असतात. तांब्याची झाकणे, ज्यांच्या माथ्यावर पक्षी बसविलेले आहेत. इंद्रगोप, अकीक यांचे मणी. माहुरझरीला सोन्याचे अलंकारही मिळाले, आणि तेथे मण्यांचा कारखानाच चालत असावा इतके अर्धवट घडविलेले मणी आणि दगडाचे तुकडे सापडतात. मृताबरोबर दिलेली कुऱ्हाड बोथट किंवा खोटी नव्हे, ती वापरातली आहे. ज्या काळात लोखंड भट्टीतून थेंबाथेंबाने मिळवावे लागे, त्या काळात चांगली कुऱ्हाड कायमची जमिनीत घालणे ही लहान गोष्ट नव्हती.

सर्वांत लक्षवेधी म्हणजे घोडा. काही वर्तुळांत घोड्याची हाडे आहेत, लोखंडी लगाम आहेत, आणि माहुरझरीला घोड्याच्या मस्तकावर बांधण्याचे तांब्याच्या पत्र्याचे, लोखंडी खिळ्यांनी जडविलेले अलंकार मिळाले. विदर्भातील अशा घोड्यांच्या हाडांवर शस्त्राच्या खुणा आढळल्या आहेत. म्हणजे ते घोडे धन्याबरोबर मारले गेले. दख्खनच्या पठारावर चांगला घोडा पैदा करणे किती अवघड, हे मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. पेशवाईतही घोडे भीमथडीचे की बाहेरचे याची चर्चा होत असे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी असा घोडा मारून पुरणे म्हणजे कुळाची फार मोठी दौलत मातीत घालणे. अर्थात ती दौलत सर्वांकडे नव्हती. तीनशे वर्तुळे ही संख्या ऐकायला मोठी वाटते, पण ती काही शतकांची बेरीज आहे. गावातील प्रत्येक मृताला वर्तुळ मिळत असते तर माळ पुरला नसता. ज्यांच्यासाठी धोंडे वाहिले गेले ते थोडे. ज्यांनी धोंडे वाहिले ते कोठे गेले याची खूण राहिली नाही.

हे लोक कोण? काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. टाकळघाट आणि नायकुंड यांच्या कार्बन-१४ तारखा इ.स.पूर्व आठव्या ते सहाव्या शतकाच्या आसपास येतात. शक हिंदुस्थानात आले ते यानंतर कित्येक शतकांनी. तेव्हा रिव्हेट-कारनॅकच्या काळातला तो तर्क आपोआपच निकालात निघतो. परंतु त्याच्या जागी दुसरे तर्क आले. कोणी त्यांना द्रविड म्हटले, कोणी घोड्यामुळे आर्य म्हटले. हाडांना भाषा नसते आणि भांड्यांना जात नसते, एवढे ध्यानात घेतले तर या वादातला बराचसा आवेश अनाठायी ठरतो. त्या काळाच्या एका ग्रंथात मात्र एक मोलाची नोंद आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात श्मशान कसे बांधावे याचा विधी सांगताना म्हटले आहे की, देवांना मानणारे लोक ते चौकोनी करतात, आणि असुर, पूर्वेकडील लोक व इतर ते वाटोळे करतात. ग्रंथकर्त्याच्या डोळ्यांसमोर विदर्भ होता असे मुळीच नाही. पण मृतांच्या जागेचा आकार ही त्या काळी माणसामाणसांतील भेदाची खूण मानली जात होती, एवढे यावरून निश्चित कळते. दक्षिणेकडे तमिळ 'मणिमेखलै' काव्यातही दहन, उघड्यावर टाकणे, खड्ड्यात पुरणे, रांजण असे अंत्यविधीचे पाच प्रकार एकाच नगराच्या श्मशानात शेजारी शेजारी चाललेले सांगितले आहेत. मरणोत्तर व्यवहारात एकच एक रीत सर्वांनी पाळली, असा काळ भारतात बहुधा कधी नव्हताच.

वर्तुळे येण्यापूर्वी काय होते, हे पाहिले म्हणजे त्यांचे नवेपण कळते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगातील गाव खोदून काढले. तेथे मुलांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यांत ठेवले जाई आणि घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरले जाई. मोठ्यांनाही तेथेच, पण घोट्याखाली पाय तोडून. मृताने उठून चालू नये ही त्यामागची भीती असावी, असा अर्थ लावला गेला आहे. त्याच व्यापक संस्कृतीचे एक गाव अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी येथे होते, बी. पी. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये त्याचे उत्खनन केले. मृत घरात आहे, पण त्याने हिंडू नये, ही ताम्रपाषाणयुगाची भूमिका. लोखंड वापरणाऱ्या वर्तुळकारांची भूमिका याच्या उलट दिसते. मृताला त्यांनी घराबाहेर, गावाबाहेर, माळावर नेले, आणि पाय तोडण्याऐवजी त्याला कुऱ्हाड, भांडी आणि घोडा दिला. भीती गेली असे नव्हे. कडे हे कुंपणही असू शकते. ते मृताला बाहेरच्यांपासून राखते की बाहेरच्यांना मृतापासून, हे दगड सांगत नाहीत.

येथे वऱ्हाडच्या वाचकाने क्षणभर मेळघाटाकडे वळून पाहावे. तेथील कोरकूंत मृताला पुरण्याची रीत होती, आणि काही काळाने 'सिडोली' नावाचा विधी करून मृताच्या नावाने कोरीव लाकडी फळी उभारली जाई. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार असतो, वर सूर्य आणि चंद्र असतात. ज्या गरीब कोरकूने जन्मात घोडा बाळगला नाही, त्यालाही मरणानंतर लाकडात घोडा मिळतो. पूर्वेला भामरागडच्या बाजूस माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करीत आले आहेत. आणि दूर कशाला, ब्राह्मणापासून कुणब्यापर्यंत अनेक मराठी घरांत दहनाच्या वेळी ज्या दगडाने मडके फोडतात तो 'अश्मा' किंवा जीवखडा दहा दिवस जपून ठेवला जातो, आणि त्याच्यावर तिलांजली दिली जाते. देह जळून जातो. मृताच्या ठायी उरतो तो दगडच. या रीतींची वंशावळ जुनापाणीपर्यंत नेऊन भिडविण्याचा मोह टाळला पाहिजे. अडीच हजार वर्षांची साखळी मधली कडी न दाखवता जोडणे हे शास्त्र नव्हे. पण प्राचीन दफनांकडे रानटी लोकांचे विचित्र उद्योग म्हणून पाहण्याचा अधिकार जीवखडा सांभाळणाऱ्यांना उरत नाही, हेही तितकेच खरे.

आता नायकुंडचे वळण. तेथे वर्तुळांबरोबर वस्तीही मिळाली, आणि त्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तोवर या लोकांविषयी सर्वसाधारण मत असे होते की, ते भटके पशुपालक असावेत, कारण कबरी शेकड्यांनी आणि घरे मात्र जवळजवळ नाहीत. टाकळघाट, नायकुंड, भागीमहारी यांनी ते मत बदलायला लावले. लाकडी खांबांवर उभारलेल्या गोल झोपड्या, चुली, आणि जळालेल्या दाण्यांवरून जव, तांदूळ, मसूर, वाटाणा यांची शेती, असे स्थिर गावाचे चित्र उभे राहिले. तरीही तक्रार उरलीच: मेलेल्यांची घरे पुष्कळ, जिवंतांची थोडी.

पूर्णेच्या खोऱ्यात या प्रश्नाची बाजू नेमकी उलटते. वर्धेच्या काठी, परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानलेल्या कौंडिण्यपुराला डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६८ मध्ये निघाला. तेथील खालच्या थरांत लोखंड आणि काळी-तांबडी भांडी आहेत. म्हणजे ती संस्कृती अमरावती जिल्ह्यात पोहोचली होती, यात शंका राहिली नाही. पण खरी महत्त्वाची भर पडली ती चांदूर बाजार तालुक्यातील फुबगावच्या उत्खननाने. डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पूर्णेची उपनदी चंद्रभागा हिच्या वळणावरची ही पांढरी खोदली. चार संपूर्ण गोल घरांचे तळ, खांबांची भोके, चुली, लोखंड, तांबे, अकीक व इंद्रगोपाचे मणी, आणि काळ्या-तांबड्या भांड्यांवर ओरखडलेल्या खुणा. काळ इ.स.पूर्व सातवे ते चौथे शतक. नायकुंड, माहुरझरी, भागीमहारी यांचे हे समकालीन गाव.

येथे जिवंतांची घरे आहेत. मग त्यांचे मृत कोठे आहेत?

एक उत्तर भूगोल देतो. नागपूरभोवती जमिनीच्या अंगाला खडक आहे. धोंडा हवा तर माळावर पडलेला मिळतो. पूर्णेचे खोरे म्हणजे गाळाने भरलेला खोल खड्डा. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात विहीर खणणाऱ्याला खाली खाली मातीच लागते, आणि लागले तर खारे पाणी. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाटा-वरवंट्याचा दगडदेखील बाहेरून आणावा लागतो. अशा मुलखात वर्तुळ रचायचे तर सातपुड्याच्या पायथ्यापासून धोंडे ओढून आणले पाहिजेत. फुबगावच्या लोकांनी ते केले असेल काय? की दगडाविना नुसत्या खड्ड्यात, मातीच्या उंचवट्याखाली त्यांनी आपले मृत ठेवले, आणि पुराच्या गाळाने ते झाकून टाकले? की धोंडे आणले होते, पण पुढच्या दोन हजार वर्षांत काळ्या रानातला प्रत्येक धोंडा नांगराला आडवा येतो म्हणून उचलला गेला आणि गढीच्या बुरुजात, विहिरीच्या बांधणीत, गोठ्याच्या पायात जाऊन बसला? यांतले तिसरे उत्तर वऱ्हाडचे गाव ज्याने पाहिले आहे त्याला सर्वांत सहज पटेल. पटणे म्हणजे पुरावा नव्हे, परंतु शोध कोठे करावा हे त्यावरून ठरविता येते: सातपुड्याच्या पायथ्याचा मुरमाड पट्टा, म्हणजे वरूड, मोर्शी, अचलपूर, अकोटची उत्तर बाजू, आणि दक्षिणेला बार्शीटाकळी, पातूरकडचा चढ. जेथे रान बरड, तेथेच अशी वर्तुळे टिकण्याचा संभव.

आणि नेमके तेच रान आज सर्वांत आधी जात आहे. बरड जमिनीची किंमत पूर्वी कोणी करीत नसे; म्हणूनच वर्तुळे अडीच हजार वर्षे टिकली. आता तिच्यावर संत्र्याची बाग होते, मुरमाची खाण होते, शहराजवळ असेल तर भूखंड पडतात. नांगर बैलांचा होता तोवर शेतकरी धोंड्याला वळसा घालून जाई. यंत्र वळसा घालीत नाही. नागपूर जिल्ह्यातील अनेक वर्तुळसमूह केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. कायदा कडक आहे, यात वाद नाही. पण तो यादीतल्या दगडांना लागू होतो. ज्या दगडांची अजून नोंदच झालेली नाही त्यांच्या बाजूने तो तोंड उघडू शकत नाही. वऱ्हाडात प्रश्न राखण्याच्या आधीचा आहे, तो नोंदीचा आहे.

हे काम मोठ्या खात्याचेच आहे असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. जुनापाणीच्या धोंड्यांवरील खळग्यांची दिशा मोजून त्यांचा आकाशनिरीक्षणाशी काही संबंध आहे काय, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी केला, तेव्हा त्यांचे सहकारी लेखक म्हणून अमरावतीचे गणेश हलकारे होते. त्या अभ्यासाचे निष्कर्ष सर्वांना मान्य होतीलच असे नाही. पण मोजपट्टी आणि होकायंत्र घेऊन माळावर उभे राहिल्याशिवाय मान्य-अमान्यचा प्रश्नही उद्भवत नाही. वऱ्हाडातील प्रत्येक तालुक्याला आज महाविद्यालय आहे, आणि इतिहासाचे विद्यार्थी तेथे दरवर्षी तेच तेच प्रकल्प वह्यांतून वह्यांत उतरवीत असतात. त्याऐवजी एका वर्गाने एका उन्हाळ्यात एका गावशिवारातील धोंड्यांची कडी, पांढरीची टेकाडे, गढीच्या भिंतीतले विचित्र दगड यांची गट क्रमांकासह यादी केली, तर दहा वर्षांत सगळ्या जिल्ह्याचा नकाशा तयार होईल. एक पथ्य मात्र कडक पाळले पाहिजे. पाहावे, मोजावे, चित्र काढावे, खणू नये. धनाच्या आशेने उकरलेले वर्तुळ आणि विद्येच्या हौसेने उकरलेले वर्तुळ, नंतर येणाऱ्या अभ्यासकाला दोन्ही सारखीच निरुपयोगी होतात. आत सोने क्वचित असते. हाडे, राख आणि भांडी एकमेकांपासून किती अंतरावर होती, हीच तेथली दौलत, आणि ती एकदाच वाचता येते.

घाई करण्यास आणखी एक कारण आहे. जुन्या वऱ्हाडच्याच बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णेकाठच्या भोनला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, आणि ते स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. तेथे निदान काय बुडणार आहे ते आधी कळले. फुबगावची स्थिती निराळी आहे. चंद्रभागा एके काळी बारमाही वाहत होती. वरच्या अंगाला धरण झाल्यावर ती कोरडी पडली. तिच्या जुन्या पुरांनी त्या गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग कधीच कापून नेला आहे. नदीने नेलेल्या त्या भागात घरे होती की गावाबाहेरचे मृतांचे रान होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही. उरलेल्या दोन तृतीयांशाच्या भोवतालची शिवारे मात्र अजून पाहायची आहेत, आणि पेरणीपूर्वी, रान उघडे असताना, ती पाहता येतात.